काठात वजन घातलेला स्कार्फ

तंद्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने हाक मारली की ती तिसऱ्या हाकेला वळायची, आणि तीही अशी की जणू शेजारच्या खोलीतल्या कोणाला तरी बोलावलंय. शेवटी मामाने वैतागून तिला तंद्री म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. चाळिशी उलटली, कानशिलावर चांदी दिसायला लागली, तरी पडद्यांच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकंसुद्धा 'तंद्रीबाई आहेत का' असंच विचारत.

ती पडदे शिवायची. दुकानाच्या मागच्या खोलीत एक लांबलचक टेबल, त्यावर मशीन, आणि मशीनच्या दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत ओघळलेलं कापड. खिडकी रस्त्याकडे. दुपारी ऊन त्या कापडातून गाळून यायचं आणि पडदा निळा असला की खोली निळी व्हायची, पिवळा असला की पिवळी. अशा रंगात दिवसभर बसलेल्या बाईचं चित्त ठिकाणावर राहील कसं, सांगा. मालक आत डोकावून म्हणायचा, "हात दिसतायत. बाई कुठे आहेत?" हात मात्र बिनचूक चालायचे. दुमड घाल, टीप मार, काठात शिशाच्या बारीक मण्यांची माळ ओव, म्हणजे पडदा वाऱ्याने उडत नाही आणि सरळ पडतो. हे सगळं हातांना पाठ होतं. ती तेवढ्यात कुठे कुठे जाऊन यायची, तिचं तिलाच ठाऊक.

मामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तंद्री शाळेत होती आणि मामाने तिला आपल्या घरी आणली. मामाने स्वतः लग्न केलं नाही. नोकरी पाणीपुरवठ्याच्या खात्यात, आणि नोकरी सोडून जे काही आयुष्य उरेल ते वीटभट्टीमागच्या मैदानावर. तिथे तो तिरंदाजी शिकवायचा. पोरीचं लक्ष एका जागी टिकावं म्हणून त्याने तिच्या हातात धनुष्य दिलं. त्याला वाटलं, नेम धरायला लागली की तंद्री सुटेल.

झालं भलतंच. बाकीच्या पोरी डोळे बारीक करून, दात आवळून नेम धरायच्या. ही दोरी ओढायची, दोरी हनुवटीला आणि ओठाला टेकली की हिचा चेहरा झोपेत असल्यासारखा सैल व्हायचा, आणि बाई गेल्याच. परत यायच्या तेव्हा बाण मधल्या पिवळ्या ठिपक्यात रुतलेला असायचा. मामाने कपाळावर हात मारला आणि पुढे तिला काही शिकवायचं सोडून दिलं. फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात राहिली होती. लहानपणी उन्हाचं म्हणून त्याने तिला टोपी घातली, तर सगळे बाण गवतात. डोक्यावर काही असलं की हिला जमत नाही, हे मामाने तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

मामाची आयुष्यभराची एकच हाव होती. आपल्या मैदानावरचं कोणीतरी एकदा, एकदाच, सगळ्या देशांच्या मोठ्या स्पर्धेत उभं राहिलेलं बघायचं. पण दर वेळी काहीतरी आडवं यायचं. एकीचं लग्न झालं, एकीचा हात मोडला, एकीला ऐन वेळी नोकरी लागली. मामा प्रत्येकीला हसून निरोप द्यायचा आणि आठवडाभर जेवायचा नाही. म्हणून बायकांच्या संघात तंद्रीची निवड झाली तेव्हा त्याने पहिली गोष्ट काय केली असेल? इतकी वर्षं टाळलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला निघाला. "तिथे तुझा बाण कुठे लागला हे मला दुसऱ्या कोणी सांगितलेलं चालणार नाही," तो म्हणाला.

आणि तंद्री? ती वर्षानुवर्षं मनात त्याच स्पर्धेत जात होती. पडदे शिवताना ती जिथे जाऊन यायची म्हटलं ना, ते बहुतेक वेळा तिथेच. मोठं मैदान, कापलेलं गवत, अनोळखी भाषेत बोलणारी माणसं, आणि समोर खूप लांब एक पिवळा ठिपका. वय सांगत होतं की ही संधी गेली तर पुन्हा नाही. ते तिलाही कळत होतं. तंद्री होती, वेडी नव्हती.

संघात दुसरी होती बसवाली. शाळेची बस चालवायची. सकाळची पोरं शाळेत सोडली की तीच रिकामी बस घेऊन दोघी मैदानावर जायच्या. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली तंद्री आणि पुढे रस्त्यावरच्या प्रत्येकाचा उद्धार करत चाललेली बसवाली. बसवाली डोक्याला स्कार्फ बांधायची. वयात आल्यापासून, स्वतःहून. आईने 'थांब, घाई काय आहे' म्हटलं, तर तिच्या मागे लागून बांधायला शिकली. "ते माझं आणि वरच्याचं आहे," एवढंच ती म्हणायची आणि विषय संपायचा. तिसरी एक कॉलेजातली मुलगी होती आणि चौथी राखीव, पण त्यांचा या गोष्टीशी फारसा संबंध नाही.

नियमाचं असं झालं, की तिरंदाजी संघटनेच्या सेक्रेटरीने तो अगदी जाता जाता सांगितला. बॅगा किती वजनाच्या, बूट कुठले, आणि हो, ज्या देशात स्पर्धा आहे तिथल्या कायद्याने सगळ्या बायकांनी डोकं झाकायचं. धर्माचा नियम आहे, पाहुण्यांनाही लागू. मैदानात, जेवणाच्या खोलीत, रस्त्यावर. केस दिसता कामा नयेत. मग तो तंद्रीकडे वळून गोड हसला. "तुम्ही शिवणकाम करता ना? सगळ्यांना एकसारखे स्कार्फ शिवून टाका. संघ कसा उठून दिसेल."

तंद्रीने मान डोलावली. खरं सांगायचं तर तिला तेव्हा काहीच वाटलं नाही. कापड आणायचं, शिवायचं, यात वाटायचं काय? तिने छान फिकट निळं कापड निवडलं आणि एका दुपारी दुकानात बसून चारही स्कार्फ शिवले. शिवताना ती नेहमीसारखीच तिकडच्या मैदानावर जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर वारा सुटला होता. धुक्याचे तुकडे गवतावरून सरकत होते आणि लांबची निशाणं मधेच दिसायची, मधेच नाहीशी व्हायची. मामा घरी होता, डोळ्याला पट्टी. बसवालीने नवा स्कार्फ हातात घेतला आणि खाली वर केला.

"हा एवढा जड का गं?"

तंद्रीने काठ चाचपला. आत मणी लागले. पडद्याच्या काठात घालतात ती शिशाची माळ तिने चारही स्कार्फांत ओवून टाकली होती. हातांना वाटलं खिडकीच आहे.

बसवाली हसून हसून गवतात बसली. "अगं, माझं डोकं आहे हे, दिवाणखाना नाही." पण तिने तो बांधला, आणि हसायची थांबली. तिचा रोजचा स्कार्फ वाऱ्याने उडून दोरीत यायचा, त्याला टाचण्या लावून लावून ती जेरीस यायची. हा जागचा हलेना. हनुवटीखालून घडी घातल्यासारखा बसला. "बाई, तू तर कमाल केलीस," ती म्हणाली.

मग तंद्रीनेही बांधून बघितला. दोरी ओढली. कापडावरून हनुवटीला टेकली, ओठाला टेकली. कानावर कापड असल्यामुळे वारा लांबून आल्यासारखा ऐकू येत होता, पाण्याखालून यावा तसा. टोपीचं ते लहानपणीचं काही उरलंच नव्हतं. ती नेहमीपेक्षा लांब गेली, नेहमीपेक्षा हळू परत आली. पिवळ्यात बाण. पुन्हा पिवळ्यात. धुकं येत होतं, जात होतं, आणि तिच्या अंगातून बाण असे सुटत होते की जणू ते आधीच तिथे लागलेले आहेत आणि ती फक्त बघायला आली आहे. बसवाली आपले बाण मारायचे सोडून तिच्याकडे बघत उभी राहिली. शेवटी दोघींनी बेरीज केली. इतके गुण तंद्रीने जन्मात कधी मिळवले नव्हते. पट्टी निघून मामा मैदानावर आला की सांगू, असं ठरलं.

आणि मग त्या बाई आल्या.

नियम समजावून सांगायला संघटनेने त्यांना बोलावलं होतं. आता तुम्हाला वाटेल, आल्या असतील डोळे वटारून. अजिबात नाही. मऊ आवाजाच्या, हसऱ्या, स्वतः नीटनेटक्या. चौघींना ओळीत उभं केलं, स्कार्फ बांधायला सांगितले, प्रत्येकीचं कौतुक केलं. तंद्रीपाशी आल्या. कानशिलावरची ती पांढरी बट जराशी बाहेर आली होती. बाईंनी एक बोट पुढे केलं, ती बट आत सारली, कापड कपाळावर थोडं खाली ओढलं आणि म्हणाल्या, "आता कसं छान."

बस, एवढंच. पण तंद्री जी तिथे उभी राहिली, ती बाई पुढच्या मुलीकडे गेल्या तरी तशीच उभी. आई गेल्यापासून तिच्या केसांना न विचारता कोणी हात लावला नव्हता. मामानेही नाही. पहिल्या वर्षी तिची वेणी घालतानासुद्धा तो विचारायचा, 'घालू का?'

त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी, ते बोट कानामागे तसंच राहिलं. पडदा शिवायला बसली आणि नेहमीसारखी तिकडच्या मैदानावर गेली, तर तिथे गवत होतं, माणसं होती, पिवळा ठिपकाही होता, पण बाण सोडण्याआधी कोणीतरी मागून येऊन तिची बट आत सारत होतं. हसतमुखाने. ती दचकून परत यायची. दोनदा सुई बोटात गेली. मालक म्हणाला, "आज बाई आहेत आणि हात गायब."

तिने पहिल्यांदा सांगितलं बसवालीला. रिकाम्या बसमध्ये, मागच्या बाकावरून. "मी येणार नाही."

बसवालीने बस कडेला घेतली. झालेलं सगळं ऐकून घेतलं आणि मग आरशातून तिच्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी रोज बांधते ती काय मूर्ख म्हणून?"

"तुझा स्कार्फ तुझा आहे. तू आईच्या मागे लागून शिकलीस."

"मग चार दिवस बांध, खेळ आणि ये घरी. मला काय शिंगं फुटली आहेत?"

"तुला कोणी कधी बोटाने सारखा करून दिला?"

"नवऱ्याने केला होता एकदा. त्याला म्हटलं, स्वतःची टोपी सांभाळ."

दोघीही हसल्या. हसू ओसरल्यावर बसवालीने बस पुन्हा सुरू केली. "तू गेली नाहीस की सगळे माझ्याकडेच बघणार. हिच्यासारख्यांमुळे ती गेली नाही, म्हणणार. आणि मला जायचंय. मी जाणार."

"जा की," तंद्री म्हणाली. "मी तुला थोडीच अडवतेय?" पण मैदान येईपर्यंत बसवालीने रस्त्यावरच्या एकाचाही उद्धार केला नाही.

मामाला सांगणं याहून कठीण गेलं. त्याची पट्टी नुकतीच निघाली होती आणि तो घरात फिरून भिंतीवरचे ओरखडे, कपाटावरची धूळ, सगळं नव्याने बघत होता. तिचं बोलणं ऐकून तो खुर्चीत बसला. मग उठून पायात चपला सरकवल्या आणि थेट सेक्रेटरीकडे गेला. परत आला तो तोड घेऊनच. खांदा दुखतो म्हणायचं. राखीव मुलगी जाईल, कोणाचीच शोभा होणार नाही, आणि तंद्रीचं नाव शाबूत राहील. निदान देशातल्या स्पर्धा तरी खेळता येतील. "खरं कारण सांगितलंस तर तो तुला कायमची काढून टाकणार," मामा म्हणाला. "एवढं माझ्यासाठी कर."

आता बघा, इतकी साधी गोष्ट. एक खांदा दुखवायचा, तोही तोंडी. कोणीही केलं असतं. मीही केलं असतं. ती संघटनेच्या ऑफिसात गेली तेव्हा तेच म्हणायचं असं ठरवूनच गेली होती. मामा बाहेर बाकावर बसला होता.

सेक्रेटरीने पंखा लावला, पाणी दिलं, आणि सगळं आधीच ठरलंय अशा सुरात विचारलं, "खांदा, नाही का?"

तंद्रीने आपल्या खांद्याकडे बघितलं. तीस वर्षं दोरी ओढून तो दगडासारखा झाला होता. बिचाऱ्याने एकदासुद्धा दगा दिला नव्हता. त्याच्यावर आळ घ्यायला तिचा जीव होईना.

"खांदा ठणठणीत आहे," ती म्हणाली. "मला मर्जीशिवाय डोकं झाकायचं नाही. मनात आलं तर उद्या रस्त्याने बांधून फिरेन. बांधल्याशिवाय आत घेणार नाही म्हणतात, म्हणून नाही बांधणार. सगळे खेळाडू एका मापाने मोजता, मग बायकांच्याच डोक्याला वेगळा नियम का?"

"एवढ्याशा कापडासाठी?"

"एवढंसंच आहे तर त्यांनी सोडून द्यावं."

सेक्रेटरीचं हसू मावळलं. पुढचं फार लांबलं नाही. तिचं नाव काढलं गेलं, संघटनेच्या कुठल्याच मैदानावर पाय ठेवायचा नाही असं ठरलं, आणि वीटभट्टीमागचं मैदानही संघटनेच्याच नावावर होतं. मामाला तिथे शिकवायची मुभा राहिली. तिला मात्र फाटकापर्यंतच.

मामा तिच्याशी बोलायचा थांबला. रागाने आदळआपट नाही, काही नाही. दुपारी दुकानात डबा आणून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचा, ती जेवेपर्यंत स्टुलावर बसायचा, डबा घेऊन जायचा. शब्द नाही. बाहेर लोक विचारायचे तेव्हा मात्र बोलायचा. "नाहीतरी डोक्यावर काही असलं की तिला जमतच नाही. गेली असती तरी सगळे बाण गवतातच." तंद्रीच्या कानावर हे आलं होतं. तिने ते खोडून काढलं नाही. कुठल्या तोंडाने सांगायचं, आणि सांगून त्याचं दुःख वाढवायचं कशाला? ती आपली कापडात डोकं घालून बसायची. तिकडचं मैदान आता येत नव्हतं. त्या जागी नुसतं पांढरं काहीतरी दिसायचं.

स्पर्धा झाली. बसवाली परत आली ती दुसऱ्याच दिवशी भर दुपारी दुकानात. मामा स्टुलावर होता. तंद्री एका मोठ्या पांढऱ्या पडद्याखाली, गळ्यापर्यंत.

"दुसऱ्याच फेरीत बाद झालो," बसवाली म्हणाली आणि कापडाच्या ताग्यावर बसली. पाणी प्यायली. "मला वाटलं होतं तिथे घरच्यासारखं वाटेल. सगळ्याच माझ्यासारख्या. पण शेजारची पोरगी दर बाणाआधी कपाळ चाचपायची, केस आले की काय बघायला. तिला बघून मला माझाच स्कार्फ डोक्यावर टोचायला लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझी एवढी आवडती गोष्ट नासवली त्यांनी. त्याचा राग आहे मला, अजून उतरला नाही."

तंद्रीने कापडाखालून हात काढून तिचा हात धरला. बसवालीने नाक पुसलं आणि मग, तोंडाला कधी कुलूप नव्हतंच तिच्या, बोलून गेली, "आणि पहिली आली तिचे गुण किती माहितीये? त्या वाऱ्याच्या सकाळी तू स्कार्फ बांधून मारलेस ना, त्याच्याहून कमी. चांगलेच कमी. मी तिथे उभी राहून बेरीज केली आणि मला रडूच आलं."

मामाने मान वर केली.

"कोणत्या सकाळी?"

बसवालीने जीभ चावली. तंद्रीकडे बघितलं.

"स्कार्फ बांधून?" मामाने विचारलं. इतक्या दिवसांनी तो तिच्याशी बोलत होता. "जमत होतं तुला?"

"हो मामा."

"चांगलं?"

"तसं कधीच जमलं नव्हतं."

मामा भिंतीकडे बघत राहिला. "म्हणजे पहिली आली असतीस."

एरवी अशा वेळी तंद्री उठून कुठेतरी निघून गेली असती, मनातल्या मनात. त्या दुपारी ती कुठेच गेली नाही. टेबल, मशीन, उघडा डबा, मामाचा चेहरा, सगळं होतं तिथेच राहिलं आणि तिला दिसत राहिलं. "आले असते," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मला जायचं होतं मामा. मला फार जायचं होतं."

"मला वाटलं होतं, तुला तसंही जमणार नव्हतं," मामा म्हणाला. "मला वाटलं, यात जे काही गेलं ते माझं एकट्याचंच गेलं. म्हणून बोलत नव्हतो."

तो उठला आणि टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी येऊन बसला. डोळे पुसायला तिने दोन्ही हात वर घेतले तसा पडदा मांडीवरून घसरायला लागला. पांढरं कापड होतं, मळलं असतं. मामाने तो आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि तिचं रडून होईपर्यंत धरून ठेवला.